लेकराच्या टाचेतला थेंब आणि कलम पंचवीस

मूल बोलत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही, दोन वर्षांचे झाले तरी पाय टाकत नाही, अशी तक्रार घेऊन आई-बाप दवाखान्याची पायरी चढले की सोलापुरात दोनच गोष्टी घडताना आम्ही पाहतो. एक तर "होईल हळूहळू, काही मुले उशिराच बोलतात" असे सांगून त्यांना घरी पाठविले जाते, नाही तर रक्ततपासणीची लांबलचक चिठ्ठी हातात ठेवली जाते. पहिल्या उत्तरात लेकराची वर्षे जातात. दुसऱ्यात बापाची मजुरी आणि आईच्या गळ्यातले डोरले जाते. या दोहोंच्या मधोमध एक रस्ता आहे. तो वैद्यकशास्त्राने दाखविलेला आहे आणि देशाच्या कायद्यातही लिहिलेला आहे. श्रीमंताचे मूल त्या रस्त्याने जाते. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर उभ्या राहणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या आई-बापाच्या मुलाला तो रस्ता आहे हेच कुणी सांगत नाही. तेव्हा ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आम्ही डॉक्टर नाही, वकील आहोत. आमच्याकडे ही माणसे येतात ती दिव्यांग प्रमाणपत्रासाठी, शाळेने प्रवेश नाकारला म्हणून, कधी नवऱ्याने "तुझ्यामुळे असे मूल झाले" म्हणून टाकून दिले म्हणून. येताना प्लास्टिकच्या पिशवीत कागद आणतात. ते कागद वाचता वाचता आम्हाला एक गोष्ट वारंवार खटकत गेली. महागाचे कागद असतात, स्वस्तातले नसतात! कुंभारीच्या विडी घरकुलातली एक बाई चार वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. तिच्या पिशवीत कुठल्याशा प्रयोगशाळेचा अहवाल होता. गहू, दूध, शेंगदाणे, वांगी, अशा कितीतरी खाद्यपदार्थांची यादी आणि प्रत्येकापुढे लाल-हिरवी रेघ. हे खाऊ नका, ते खाऊ नका. त्या तपासणीसाठी तिने बचतगटातून कर्ज उचलले होते. पण त्याच पिशवीत थायरॉइडची साधी तपासणी नव्हती, हिमोग्लोबिन नव्हते, कानाची तपासणी नव्हती. थायरॉइडची तपासणी पुढे झाली आणि ती ठीक निघाली. त्या लेकरापुरते काही हुकले नाही, एवढेच. पण ती ठीक आहे की नाही, हे चार वर्षे कुणालाच ठाऊक नव्हते.

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. स्वमग्नता, म्हणजे ज्याला ऑटिझम म्हणतात, ती रक्तातून कळत नाही. जगात आजही अशी रक्ततपासणी नाही की जिचा अहवाल वाचून हे मूल स्वमग्न आहे किंवा नाही असे ठरविता येईल. अतिचंचलता रक्तात दिसत नाही, वाचन-लेखनाची अक्षमताही दिसत नाही. जाणकार डॉक्टर आणि मानसतज्ज्ञ मुलाला जवळ बसवून, खेळवून, त्याच्या आईला प्रश्न विचारून हे निदान करतात. आपल्या देशात प्रमाणपत्रासाठी जी भारतीय मोजपट्टी वापरतात तीत चाळीस मुद्दे आहेत, आणि त्यातल्या एकालाही सुई टोचावी लागत नाही. जे मूल बोलत नाही त्याची पहिली तपासणी तर कानाची असते. ऐकूच येत नसेल तर बोलणार काय? "रक्तातून ऑटिझम ओळखतो" असे जो सांगेल तो एक तर अडाणी आहे नाही तर लबाड.

मग रक्त तपासायचेच कशाला? कारण मागे का पडले, याचे उत्तर काही मुलांच्या रक्तात असते. आणि त्यातली काही कारणे अशी आहेत की वेळेत सापडली तर औषधाने, आहाराने दूर होतात किंवा निदान पुढचे नुकसान थांबते. उशिरा सापडली तर मात्र कितीही पैसे ओतले तरी मेंदूचे गेलेले परत येत नाही.

यातले सर्वांत मोठे कारण म्हणजे जन्मजात थायरॉइडची कमतरता. गळ्यातली ही छोटीशी ग्रंथी बाळाच्या मेंदूची वाढ चालविणारे द्रव्य तयार करते. काही बाळांत ती ग्रंथी जन्मतःच नसते किंवा काम करीत नाही. पोटात असताना आईचे द्रव्य बाळाला काही प्रमाणात मिळते, म्हणून जन्मताना बाळ बहुधा चांगलेच दिसते. नंतर हळूहळू कावीळ रेंगाळते, शौचाला कडक होते, बेंबी फुगते, जीभ जाड दिसते, आवाज घोगरा होतो. बाळ फार झोपते आणि रडत नाही. आमच्या आया-बहिणी कौतुकाने सांगतात, "लेकरू लई गुणाचं हाय, रडतच नाही." त्या गुणाच्या लेकराचा मेंदू तेव्हा उपाशी असतो! यावर उपाय आहे थायरॉक्सिनची गोळी. ती रोज चुरून, थोड्या पाण्यात किंवा आईच्या दुधात कालवून पाजायची. गोळी अत्यंत स्वस्त आहे. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली तर मूल इतर मुलांसारखेच वाढते, शाळेत जाते. महिनोन्महिने उशीर झाला तर कायमची बौद्धिक अक्षमता पदरी येते.

ही तपासणी करायची कशी? बाळ अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांचे झाले की टाचेला बारीक टोचून रक्ताचे काही थेंब खास टिपकागदावर घ्यायचे, ते सावलीत वाळवायचे आणि प्रयोगशाळेला पाठवायचे. वाळलेला कागद टपालानेही जातो. त्याला बर्फ लागत नाही की मोठी गाडी लागत नाही. अमेरिकेत रॉबर्ट गथ्री नावाच्या डॉक्टरने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हा टिपकागद आणला, तो एका वेगळ्या आजारासाठी. त्याचा स्वतःचा मुलगा बौद्धिकदृष्ट्या अपंग होता आणि एक भाची त्या आजाराने मागे पडलेली होती. त्या आजाराचा शोधही १९३४ साली नॉर्वेत एका आईच्या हट्टातून लागला. आपल्या दोन्ही मुलांच्या अंगाला विचित्र वास का येतो, हे विचारत ती वर्षानुवर्षे डॉक्टरांचे दरवाजे ठोठावत राहिली. शेवटी आसब्योर्न फोलिंग नावाच्या डॉक्टरने तिचे ऐकून घेतले. आपल्याकडे अशा प्रश्न विचारणाऱ्या बाईला "ताई, तुम्हाला काय कळतं" असे सुनावले जाते.

आता आपल्या देशाचे पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबईसह मोठ्या शहरांतील रुग्णालयांत एक लाखाहून अधिक नवजात बाळांची तपासणी केली. त्यात दर ११३० बाळांमागे एका बाळाला ही थायरॉइडची कमतरता आढळली. पाश्चात्त्य देशांत जे प्रमाण दर तीन-चार हजारांत एक असे सांगितले जात होते, त्याच्या कितीतरी पट हे अधिक आहे. सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत त्रेचाळीस लाखांवर होती. वर्षाला साठ हजार बाळे जन्मतात असे धरले, तर याच प्रमाणाने दरवर्षी पन्नासहून अधिक बाळे या एकाच कारणासाठी शोधावी लागतील. हा आमचा ढोबळ हिशोब आहे. पण शासनाने याहून नेमका हिशोब जनतेसमोर मांडला असता तर आम्हाला पाटी-पेन्सिल घेऊन बसावे लागले नसते.

गोव्याने २००८ साली सरकारी रुग्णालयांत जन्मणाऱ्या बाळांसाठी टाचेतील रक्ताची तपासणी सुरू केली होती. केरळने सरकारी प्रसूतिगृहांत चार आजारांसाठी ती सुरू केली. महाराष्ट्राला काय अडचण होती? अडचण कागदावरच शोधली तर सापडते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच महाराष्ट्रात, पालघर येथून, मोठ्या समारंभाने सुरू झाला. अठरा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची तपासणी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. तीस प्रकारचे दोष आणि आजार शोधायचे. सापडलेल्या मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे. योजना चांगली आहे, हे आम्ही मोकळेपणाने म्हणतो. गाडीतून अंगणवाडीत जाणाऱ्या पथकातले डॉक्टर आणि परिचारिका तुटपुंज्या मानधनावर प्रामाणिक काम करतात, हेही पाहिले आहे. पण त्या तीस आजारांची यादी शेवटपर्यंत वाचा. अगदी तळाशी जन्मजात थायरॉइडची कमतरता, सिकलसेल आणि थॅलेसेमिया आहेत, आणि त्यांच्यापुढे शब्द आहे 'ऐच्छिक'! गोळी स्वस्त, तपासणी सोपी, आणि नुकसान मात्र आयुष्यभराचे. असा आजार ऐच्छिक कसा काय ठरतो? कुणाच्या इच्छेवर? जन्मलेल्या बाळाच्या इच्छेवर तर नक्कीच नाही.

थायरॉइडनंतर आम्ही जीवनसत्त्व बी-बाराचे नाव घेऊ. हे जीवनसत्त्व धान्यात नाही, डाळीत नाही, पालेभाजीत नाही. ते दूध, अंडी, मासे, मांस, काळीज यांतून मिळते. ज्या आईच्या अंगातच ते नाही तिच्या दुधातही ते कमी असते. मग वरचे काही न खाता केवळ त्या दुधावर वाढणारे बाळ सहा महिन्यांपर्यंत बरे चालते आणि पुढे मागे फिरते. हसत होते ते हसेनासे होते, मान धरत होते ते धरेनासे होते. बोटांच्या पेरांवर काळपटपणा येतो, केस विरळ होतात, हातपाय थरथरतात. बालरोगतज्ज्ञ हे ओळखतात, बी-बाराची इंजेक्शने देतात आणि बाळ पुन्हा हसू लागते. मात्र उशीर झाला तर थोडेफार मागे राहून जाते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. गरोदरपणी ज्या आयांत बी-बारा फार कमी होते, त्यांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष एकाग्र करण्याच्या आणि लक्षात ठेवण्याच्या काही चाचण्यांत मागे पडलेली दिसली. आणि आमच्या गरोदर भगिनींना सरकारी दवाखान्यात जी गोळी मिळते तीत लोह आहे, फॉलिक आम्ल आहे, बी-बारा नाही.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. वजडी, काळीज, रक्ती, खूर-मुंडी हे आमच्या वस्त्यांतले अन्न. त्याला शतकानुशतके नाके मुरडली गेली. त्याच अन्नात लोह आणि बी-बारा भरून आहे, हे आता प्रयोगशाळा सांगते. २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्याने गरिबाच्या ताटातले स्वस्त मांस गेले. शाळेतल्या मुलांना आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा पैसा काढून घेतला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. अगोदरच्या फेरीत ते प्रमाण ५३.८ टक्के होते. लोह कमी असलेले मूल मंद दिसते, चिडचिडते, शिकायला मागे पडते. असे मूल 'ढ' नाही, उपाशी आहे. हिमोग्लोबिनच्या साध्या तपासणीने ते कळते. पण ताटातले अंडे काढायचे आणि मग रक्त तपासायचे, याला काय म्हणावे?

शिशाचाही उल्लेख केला पाहिजे. जुनी बॅटरी फोडणे, भंगार वितळविणे, जुना रंग खरवडणे ही कामे कोणत्या वस्तीत होतात हे सांगायला नको. शिसे लहान मुलाच्या मेंदूत मुरते आणि बुद्धी खाते. १९९९ साली मुंबईसह मोठ्या शहरांतील मुलांची रक्ततपासणी झाली तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांत शिशाचे प्रमाण त्या काळी धोक्याचे मानल्या जाणाऱ्या पातळीवर किंवा तिच्या वर होते. २००० साली शिशाचे पेट्रोल बंद झाले, पुढे घरगुती रंगांतील शिशावरही मर्यादा आली. तरी युनिसेफच्या २०२० च्या अहवालाने भारतातील सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात धोकादायक शिसे असल्याचा अंदाज दिला. ज्या मुलाचे घर भंगाराच्या दुकानाला लागून आहे, जे माती-रंग खाते आणि बोलायला मागे आहे, त्याच्या रक्तातील शिसे तपासा, हे डॉक्टरला सांगायला आईने कचरू नये.

यापुढच्या तपासण्या मात्र खरोखरच विशेष आहेत. अन्नातील एखादा घटक पचविण्याचे रसायन शरीरात नसले की त्याचे विष साचते आणि मेंदूवर घाला घालते. असे अनेक आजार आहेत, प्रत्येक दुर्मीळ. पण काहींवर उपाय आहे. बायोटिनिडेज नावाच्या एका कमतरतेवर तर केवळ एक जीवनसत्त्व रोज पाजावे लागते. टिपकागदावरच्या थेंबातून एका यंत्राने यातले कितीतरी आजार एकदमच तपासता येतात. दुसऱ्या काही तपासण्या नाजूक आहेत. रक्तातील अमोनिया पाहायचा तर नमुना बर्फात ठेवून लागलीच तपासावा लागतो. दंड घट्ट आवळला, नमुना टेबलावर पडून राहिला, तर खोटाच आकडा येतो. म्हणजे अक्कलकोटच्या बाळाचे रक्त सोलापुरात काढून मुंबईला पाठविले तर त्या अहवालाला अर्थ राहील की नाही, हा प्रश्न आहे. म्हणून आई-बाप बाळालाच घेऊन रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई गाठतात. जो मुलगा वारंवार पडतो, जमिनीवरून उठताना मांडीवर हात टेकवून उठतो आणि बोलायलाही उशीर झाला आहे, त्याची सीपीके नावाची स्वस्त तपासणी गावातल्या प्रयोगशाळेतही होते. ती फार वाढलेली असेल तर स्नायूंच्या आजाराचा माग लागतो. मुंबईला जायच्या आधी हे इथेच व्हायला हवे.

जनुकांची तपासणी हा सर्वांत महाग प्रकार. डाउन सिंड्रोममध्ये गुणसूत्रांची तपासणी करतात, कारण काही थोड्या कुटुंबांत तो आई किंवा बापाकडून आलेला असतो आणि पुढच्या बाळाला धोका वाढतो. फ्रॅजाइल एक्स नावाचा दोष आईकडून मुलाकडे येतो, पण आई दिसायला पूर्ण ठीक असते. मायक्रोअॅरे नावाच्या तपासणीत गुणसूत्राचा गळलेला किंवा जादा झालेला तुकडा दिसतो. विकासात मागे असलेल्या शंभर मुलांची ही तपासणी केली तर साधारण पंधरा-वीस मुलांत कारण सापडते. उरलेल्या ऐंशी मुलांत अहवाल कोरा येतो. कोरा अहवाल म्हणजे मूल बरे आहे असे नव्हे, आणि कारण सापडले म्हणजे औषध सापडले असेही नव्हे. मग उपयोग काय? पुढच्या गरोदरपणात काय धोका आहे ते कळते, उगाच दहा दवाखाने फिरणे थांबते. आणि "हिच्या माहेरचे काहीतरी असेल", "बाहेरचे लागले", "देवाचे राहिले" म्हणून जिचा छळ होतो त्या बाईच्या हातात एक कागद येतो. अंगारा-गंड्यावर खर्च करणाऱ्या घरात, आणि दुर्दैवाने धम्म स्वीकारलेल्या घरांतही ते अजून चालते, त्या कागदाची किंमत आम्ही जाणतो.

जनुकांचा विषय निघाला की बाबासाहेबांची आठवण अपरिहार्य आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी सांगितले की जातीचे मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे. ते समाजशास्त्र होते. एकशे एक वर्षांनी, २०१७ साली, हैदराबादच्या पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील कुमारस्वामी थंगराज आणि अमेरिकेतील डेव्हिड राइक यांच्या गटाने दक्षिण आशियातील २६३ समाजगटांचे रक्त तपासून जनुकांच्या भाषेत त्याच गोष्टीचे परिणाम दाखविले. त्यातील ८१ गट इतक्या थोड्या पूर्वजांपासून आणि इतक्या बंदिस्तपणे वाढले आहेत की एकाच दोषाची प्रत आई आणि बाप दोघांकडेही असण्याचा धोका त्यांच्यात मोठा आहे. दोघांकडची दोषी प्रत एकाच बाळात आली की आजार उघडा पडतो. यात उच्च-नीच असे काही नाही. उत्तरेतील एका संपन्न व्यापारी समाजात मेंदूच्या पांढऱ्या भागाचा एक आजार याच कारणाने वारंवार दिसतो, आणि तो शास्त्रज्ञांनी नोंदविलेला आहे. आमच्या सोलापुरात त्यावर आणखी मामाच्या मुलीशी लग्न, आणि तेलुगू-कानडी घरांत मामा-भाचीचे लग्न. नात्यातल्या लग्नाचे प्रत्येक मूल आजारी होते असे मुळीच नाही, बहुतेक मुले निरोगीच असतात. पण एका बाळाला असा आजार निघाला असेल तर पुढच्या बाळाला तो होण्याची शक्यता चारात एक असते. दुसऱ्या बाळाच्या आधी डॉक्टरला "आमचे नात्यातले लग्न आहे" हे सांगणे म्हणजे लाज नव्हे. ही माहिती लेकराच्या उपचाराची आहे.

आता आमच्या धंद्याकडे येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६, याचे कलम २५ वाचा. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणांवर बंधन आहे की धोक्यात असलेली मुले ओळखण्यासाठी प्रत्येक मुलाची वर्षातून किमान एकदा तपासणी करावी. गंमत अशी की १९९५ च्या जुन्या कायद्यातही हे बंधन होते आणि त्याही कलमाचा क्रमांक २५ च होता! फरक एकच. जुन्या कलमाच्या सुरुवातीला 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' असे शब्द होते, म्हणजे शासनाला पळवाट होती. नव्या कायद्यात सामाजिक सुरक्षेच्या कलम २४ मध्ये ती पळवाट ठेवली आहे, पण कलम २५ मधून ती काढून टाकली आहे. वकिलाच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. 'पैसे नाहीत' हे या कलमापुरते उत्तर होऊ शकत नाही. आणि 'स्थानिक प्राधिकरणे' म्हणजे कोण? सोलापूर महानगरपालिका आणि सोलापूर जिल्हा परिषद. मुंबईकडे बोट दाखवून त्यांना सुटता येणार नाही. कलमात रक्ततपासणीचा शब्द नाही, हे आम्ही मान्य करतो. पण ज्या आजाराचा धोका रक्ताशिवाय वेळेत कळतच नाही, त्याची तपासणी रक्ताशिवाय कशी करणार, हे शासनाने सांगावे.

मग योजना कुठे अडतात? सोलापूर हा राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यातला एक. तीच आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. पण ती मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन होणाऱ्या ठरावीक उपचारांसाठी आहे. बाह्यरुग्ण विभागात मूल दाखवून लिहून दिलेली तपासणी तिच्यात बसत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये शासनाने सरकारी रुग्णालयांत उपचार आणि तपासण्या मोफत केल्या. टाळ्या वाजल्या. परंतु तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांसाठी होता; वैद्यकीय शिक्षण विभागाची महाविद्यालयीन रुग्णालये त्यात घेतली नव्हती. आणि आमचे 'सिव्हिल', म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, हे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे. मंगळवेढ्याच्या ग्रामीण रुग्णालयात जे मोफत, ते सोलापुरात खिडकीवर विचारावे लागते. एका जिल्ह्यात दोन विभाग आणि मध्ये लेकरू! केंद्राच्या मोफत निदान योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत तर प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी ६३ आणि जिल्हा रुग्णालयासाठी १३४ तपासण्या धरलेल्या आहेत. आपल्या आरोग्य केंद्रात त्यातल्या किती होतात, हे भिंतीवर लिहिलेले कुणी पाहिले आहे काय?

जिथे शासन नसते तिथे बाजार येतो. खाद्यपदार्थांच्या लाल-हिरव्या रेघांचा तो अहवाल स्वमग्नतेचे कारण सांगत नाही. त्याच्या आधारे मुलाचे दूध-अंडे तोडले तर आधीच अशक्त असलेले मूल आणखी खंगते. "अंगातले धातू काढतो" म्हणून सलाइन लावणारे आहेत. अमेरिकेत २००५ साली अशाच उपचारात पाच वर्षांच्या एका स्वमग्न मुलाचा जीव गेला. मूलपेशींची इंजेक्शने देऊन लाखो रुपये घेणारे आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने डिसेंबर २०२२ मध्येच स्वमग्नतेसाठी हा उपचार करू नये असे बजावले आहे. साध्या तपासणीचा कागदही नीट पाहून घ्यावा. प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीची पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी स्पष्ट केले आहे. केवळ तंत्रज्ञाची सही किंवा नुसता शिक्का चालत नाही. खासगी ठिकाणी पैसे भरले असतील तर पावती मागावी, कारण पावती असेल तरच ग्राहक आयोगात उभे राहता येते.

बुधवार पेठेतल्या आणि विडी घरकुलातल्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे एवढेच की मोर्चाच्या आधी अर्ज करावा. महापालिकेचे आयुक्त, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता, असे तीन वेगवेगळे अर्ज. माहिती अधिकारात तीन प्रश्न पुरेत. गेल्या वर्षी आपल्या प्रसूतिगृहांत किती बाळे जन्मली आणि त्यांपैकी किती बाळांची थायरॉइडसाठी रक्ततपासणी झाली? बाल स्वास्थ्य पथकांनी विकासात मागे असलेली किती मुले शोधून पुढे पाठविली आणि त्यांपैकी किती प्रत्यक्ष पोहोचली? कलम २५ खाली वार्षिक तपासणीसाठी आपल्या कार्यालयाने कोणता कार्यक्रम आखला, त्याची प्रत द्यावी. तीस दिवसांत उत्तर नाही आले तर अपील, आणि त्या कागदांसह पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार. ज्यांच्या घरी बाळंतपण जवळ आले आहे त्यांनी दवाखान्यातून सुटी घेण्याआधीच "बाळाची टाचेची थायरॉइड तपासणी करा" असे लेखी द्यावे. नाही म्हणाले तर नकारही लेखी मागावा, आणि आपल्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.